परग्रहावरची नायिका आणि बिजलीचं शिंगरू

सरांनी मला फसवलं. रफिकभाईनं फसवलं नाही, बाजारानं फसवलं नाही, सरांनी फसवलं. आयुष्यभर मी जनावरांचा धंदा केला. दात घासून वय लपवलेले घोडे माझ्याकडं आले, रंग लावून डाग झाकलेले आले, मीठ चारून, वर पोटभर पाणी पाजून गुबगुबीत केलेले आले. एकाच्याही मालकाला मी दाद दिली नाही. आणि मला गंडवलं कुणी, तर जन्मात एक कोंबडीसुद्धा न विकलेल्या निवृत्त प्राध्यापकानं.

आमची ओळखच भांडणानं झाली. हर्सूलला तळ्याच्या अंगाला माझा तबेला आहे. एका गाढवावर वाळू वाहून मी तो उभा केला. कुणाचा एक शब्द उपकाराचा माझ्यावर नाही. तिथं वरातीचे घोडे असतात, वीटभट्टीवाल्यांसाठी गाढवं आणि खेचरं असतात. एका सकाळी मी बिजलीचा खूर साफ करत बसलो होतो. बिजली म्हणजे माझी खेचरी. आई घोडी, बाप गाढव. कुंपणापलीकडून आवाज आला, "नमस्कार. आपण खेचर ना?"

मान वर केली तर ऐन मे महिन्यात स्वेटर घातलेला एक उंच, वाळका म्हातारा उभा. माझा हात काठीकडं गेला.

"तुम्हाला नाही हो," ते शांतपणे म्हणाले. "यांना विचारतोय." आणि बिजलीकडं बोट केलं.

"ती काय सांगणार तुम्हाला?"

"सांगितलं की. कान बघा."

मागच्या कॉलनीत ते एकटेच राहत होते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. माणसांशी ते कसेही बोलत, पण प्रत्येक जनावराला "आपण" म्हणत. माशी उडवायची असली तरी, "आपण जरा बाजूला होता का?" स्वेटर का घालता म्हणून विचारलं तर म्हणाले, "खिशांसाठी." एका खिशात भिंग असे आणि दुसऱ्यात फुटाणे. त्या खिशांत याशिवाय तिसरी वस्तू मी कधी पाहिली नाही.

त्यांचा एक आवडता शब्द होता, "पुरावा?" कुणी म्हणालं यंदा उकाडा जास्त आहे, की हे म्हणणार, "पुरावा?" कुणी म्हणालं माझा भाऊ देवमाणूस आहे, की पुन्हा तेच. माझ्या नातीच्या बारशाला मी त्यांना मुद्दाम बोलावलं. बायका पाळण्याभोवती जमून ठरवत होत्या, नाक आजीचं, कपाळ आत्याचं. कुणीतरी सरांना विचारलं, "सर, कुणावर गेलीय हो?" सरांनी खिशातून भिंग काढलं, पाळण्यात वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "माणसावर. एवढं खात्रीनं सांगता येतं. बाकीचं पाच वर्षांनी विचारा." व्याह्यांकडच्या बायका फणकारल्या. माझी बायको पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

तेव्हापासून संध्याकाळचा चहा त्यांचा आमच्याकडं ठरला. आणि चहाबरोबर ती मालिका.

माझा मुलगा वाळूजला कंपनीत आहे. त्यानं तबेल्याच्या ऑफिसात मोठा टीव्ही लावून दिला, मोबाइलवर चालतं ते सगळं त्यावर दिसेल असा. बायकोनं त्यातून एक अंतराळातली मालिका शोधून काढली. हिंदीत बोलायची. तिची नायिका यानाची कप्तान. बाप पृथ्वीवरचा, आई दुसऱ्या कुठल्या ग्रहावरची. दिसायला आपल्यासारखीच, फक्त मानेवर चंदेरी खवले, आणि राग आला की ते उभे राहायचे. बायकोला ती फार आवडायची. "तुमच्यासारखीच हाय," मला म्हणायची. "तुमचे खवले दिसत नाहीत एवढंच."

सरांनी पहिल्याच दिवशी पाच मिनिटं पाहिलं, रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं.

"या बाईंची आई कुठली?"

"दुसऱ्या ग्रहावरची," बायको म्हणाली.

"आणि वडील?"

"आपल्या हितले."

"मग या आल्या कुठून?"

"अवो सर, लग्न झालं त्यांचं. मागच्या भागात दावलं की."

"लग्नाला माझी काहीच हरकत नाही," सर म्हणाले. "माझी हरकत मुलीला आहे."

मला असलं बोलणं सहन होत नाही. माझ्या डोळ्यासमोर दारात बिजली उभी होती. मी म्हणालो, "सर, घोडी वेगळी, गाढव वेगळं. तरी बिजली झाली का नाय? मग हिनं काय घोडं मारलंय?"

आणि वाद सुरू झाला. बोलण्यात मी प्राध्यापकाला पुरा पडणार नाही हे मला कळत होतं, म्हणून मी माझ्या मैदानात शिरलो. खांद्यावरचा टॉवेल काढला, त्यांचा हात हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून बोलतात. पहिल्यांदा दशकाची बोटं, मग एककाची. बघणाऱ्याला काही कळत नाही आणि बोलणाऱ्याला खोटं बोलता येत नाही, कारण हात थरथरतो.

सरांना हा प्रकार भलताच आवडला. एकदाच समजावून सांगितला आणि लगेच त्यांनी माझी बोटं दाबली: सहा, मग चार.

"चौसष्ट," मी म्हणालो. "कशाचे?"

"घोड्याची गुणसूत्रं. आता हे घ्या."

सहा, मग दोन. बासष्ट.

"ही गाढवाची. दोघं अर्धा-अर्धा वाटा देतात. बत्तीस आणि एकतीस. तुमच्या बिजलीबाईंकडे किती आली?"

"त्रेसष्ट."

"आता या त्रेसष्टाचे दोन सारखे वाटे करा."

मी व्यापारी माणूस. एक उरतो हे मला लगेच दिसलं.

"तिथंच अडतं," सर म्हणाले. "म्हणून खेचराला पोर होत नाही."

"कधीच नाय?"

सर थांबले. खोटं बोलायचा त्यांना मनापासून कंटाळा होता. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. "जगात फार क्वचित कुठं झाल्याची नोंद आहे. इतकं क्वचित, की झालं तर वर्तमानपत्रात येतं. पण शून्य नाही."

"मग ह्या कप्तानबाईचं किती?"

टॉवेलखाली त्यांनी हाताची मूठ मिटली. आमच्याकडं मूठ म्हणजे सौदा मोडला. त्यांच्या लेखी मूठ म्हणजे शून्य.

मुठीवर थांबेल तो व्यापारी कसला? मी घासाघीस सुरू केली. "सर, तिकडच्या लोकांना दोन हात, दोन पाय तरी देता का?"

"देतो. शार्क हा मासा आणि डॉल्फिन पिलांना दूध पाजणारी, पण पाण्यात वेगानं पोहायचं म्हटल्यावर दोघांचा आकार सारखाच झाला. तसं उभं चालणारं कुणी तिकडेही झालं असेल."

"डोळे?"

"देतो. ऑक्टोपसचा डोळा पुष्कळसा आपल्यासारखा आहे, जवळचं नातंगोतं काही नसताना."

"बोलणं?"

"देतो."

"पिरेम?" बायकोनं मधेच विचारलं.

सर घुटमळले. "तेही देतो, वहिनी."

"मग पोर द्यायला काय होतंय?"

पुन्हा मूठ. सरांनी दुसऱ्या हातानं खिशातून एक फुटाणा काढला आणि आमच्यापुढं धरला. "हा हरभरा. याचं आणि आपलं नातं आहे. फार लांबचं, पण आहे. दोघांचा मूळ पुरुष एक, दोघांच्या पेशीतली लिपी एक. त्या ग्रहावरच्या बाईंशी आपलं एवढंही नातं नाही. त्यांच्या शरीरात लिपीच वेगळी असणार, असलीच तर. उद्या कुणी मला विचारलं की या व्यापाऱ्याला मूल हवंय, लग्न हरभऱ्याशी लावू की त्या बाईंशी, तर मी हरभरा सुचवीन." असं म्हणून त्यांनी तो नातेवाईक तोंडात टाकला.

बायको हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. कितीतरी दिवस ती मला डब्यात हरभऱ्याची उसळ देताना म्हणायची, "घ्या, सासुरवाडीचं आलंय."

मी हार मानली नाही. घोड्याला दाणा घालताना डोकं चालवत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सर येताच त्यांना गाठलं. "सर, समजा लई लई वर्षांमागं कुणीतरी एकाच दुकानातून बी घेतलं आणि दोन्ही ग्रहांवर पेरलं. मग? मग तर लिपी एकच."

सर चहाचा कप हातात धरून तसेच बसले. मला वाटलं चहात काही पडलं. मग ते म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पायजे?"

"नाही, मुद्दा चांगला आहे. बी एकच असलं तरी पेरून इतका काळ गेलाय की तुम्ही पुन्हा हरभऱ्याइतकेच लांब. पण मूठ मात्र आता मला उघडावी लागेल." आणि त्यांनी खरंच टॉवेल मागितला, माझा हात धरला आणि करंगळीच्या नखानं माझ्या तळव्याला जेमतेम स्पर्श केला. एवढं त्यांनी सोडलं. आयुष्यात मी मोठमोठे सौदे मारले, पण त्या नखाएवढ्या सवलतीचा आनंद मला कुठल्याच सौद्यात झाला नाही.

असा हा माणूस. पुराव्यावाचून नखाएवढंही न सोडणारा. हे मी एवढ्यासाठी सांगतोय, की पुढं त्यांनी काय केलं ते कळावं.

त्याआधी एक प्रसंग आहे. मालिकेत एका भागात यानाचा डॉक्टर त्या नायिकेला सांगतो, तुला मूल होणार नाही, तू दोन जातींच्या मधली आहेस. सरांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "शाबास! पहिल्यांदा शास्त्र बोलले!"

बायको उठली आणि तिनं टीव्ही बंद केला. "सर, ती रडती हाय आन् तुमी टाळ्या वाजवता?"

"अहो वहिनी, ती नटी आहे."

"नटी हाय तर तिचे वाटे कशाला मोजत बसला व्हता इतके दिवस? तवा खरी, आन् रडायला लागली का खोटी?"

सर उठले. फुटाणे खिशात टाकले आणि गेले. आठवडाभर फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी आले, सरळ बायकोसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर होतं." एवढंच बोलून चहाला बसले. प्राध्यापक माणूस आमच्या घरात येऊन असं बोलला याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, तो माणूस बिघडला तो त्याच आठवड्यात.

त्या थंडीत बिजली कामाला नाही म्हणायला लागली. पोट सुटलं, चाल जड झाली, ओझं ठेवलं की मान टाकायची. बायको म्हणाली, "तिच्या पोटात कायतरी हाय."

"खेचरीच्या पोटात काय असणार?"

"मला इचारू नका. मी दोन बाळंतपणं केलीत, मला दिसतंय."

आमच्या तबेल्यात माझा पांढरा घोडा मोकळा हिंडायचा, हे खरं. म्हणून मी सरांना बोलावलं. तेच म्हणाले होते ना, शून्य नाही. सरांनी बिजलीला नमस्कार केला, भोवती एक फेरी मारली, पोटाला कान लावला.

"काय हाय?"

"गवत," सर म्हणाले.

त्यांच्या त्या एका शब्दावर मी बिजली विकली. रफिकभाईला, त्याची वीटभट्टी वाळूजच्या पलीकडं आहे. माझा जुना गिऱ्हाईक, तोंडाचा फटकळ पण व्यवहाराला चोख. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि उन्हं तापायला लागली तसा बाजारात बोभाटा झाला की रफिकभाईच्या भट्टीवर खेचरी शिंगराला दूध पाजते.

मी मोटारसायकल काढली. भट्टीवर जाऊन बघतो तर बिजली उभी, आणि तिच्या पोटाखाली तांबडं शिंगरू लुचतंय. मी जवळ गेलो तशी बिजलीनं, माझ्या हातचा घास खाऊन वाढलेल्या बिजलीनं, कान मागं टाकून मला दात दाखवले.

"रफिकभाई, हे कवा झालं?"

"क्या कवा झालं? मेरे घोडी का बच्चा है," रफिकभाई म्हणाला. "घोडी व्याली आन् तिसऱ्या दिवशी गेली बिचारी. तुमची बिजली बच्च्याला चिपक गयी. आता कुणाला जवळ येऊ देत नाय."

"घोडी गाभण होती हे मला कधी बोलला नाहीस."

"तुमको क्या, डोहाळजेवण करना था?"

इथं आमच्या बाजाराचा एक नियम सांगितला पाहिजे. जनावर विकताना ते गाभण आहे हे सांगितलं गेलं नसेल आणि नंतर ते व्यालं, तर आई घेणाऱ्याची. पण शिंगरू दूध सुटलं की विकणाऱ्याकडं परत येतं. फार जुना नियम आहे. कुणी मोडत नाही. म्हणजे ते शिंगरू मेलेल्या घोडीचं असेल तर रफिकभाईचं, आणि बिजलीचं असेल तर माझं. आणि साधंसुधं शिंगरू नव्हे. खेचरीच्या पोटचं! जगात क्वचित कुठं होतं, वर्तमानपत्रात येतं, ते माझ्या तबेल्यात, माझ्या घोड्यापासून झालेलं. त्याची किंमत करायचा प्रश्नच नव्हता. मला ते पाहिजे होतं.

घोडी पुरून टाकलेली. व्यायली ते कुणी पाहिलेलं नाही, कारण भट्टीवरची माणसं सणाला गावी गेलेली. रफिकभाई त्याच्या बोलण्यावर ठाम, मी माझ्या. आवाज चढले. शेवटी त्याच्या थोरल्या भावानं सुचवलं, पंच नेमा. आणि मीच, माझ्या तोंडानं म्हणालो, "सर. त्यांच्याइतका काटेकोर माणूस ह्या जिल्ह्यात नाय. ते सांगतील ते मान्य." रफिकभाईनं माझ्या हातावर हात मारला. पंचाचा शब्द अखेरचा; त्यावर पुन्हा डॉक्टर नाही, तपासणी नाही, कोर्ट नाही. तोही नियमच.

सर भट्टीवर आले. बायकोही आली. सरांनी बिजलीला विचारलं, "आपण जवळ येऊ देता का?" आणि आश्चर्य म्हणजे तिनं येऊ दिलं. त्यांनी शिंगराचे कान भिंगातून पाहिले. ते कान धड लांब नाहीत, धड आखूड नाहीत. खूर पाहिले. शेपटीचे चार केस मुळासकट उपटले आणि रुमालात बांधले.

"दूध येतंय की तिला, सर," मी म्हणालो. "पुरावा."

"दूध हा पुरावा नाही. पिल्लाला लावून घेतलं की कधी कधी न व्यायलेलीलाही पान्हा फुटतो."

"मग केस तपासल्यावर कळंल?"

"कळेल. माझी एक विद्यार्थिनी प्रयोगशाळेत आहे."

मग त्यांनी रफिकभाईला बाजूला घेऊन नियम पुन्हा नीट विचारून घेतला. शिंगरू बिजलीचं ठरलं तर ते कधी नेणार? दूध सुटल्यावर. आणि बिजली? ती इथंच. शिंगरू घोडीचं ठरलं तर? तर दोघं इथंच. सरांनी मान हलवली. मग ते विटांच्या थप्पीवर बसले आणि फुटाणे न खाता नुसतेच बिजलीकडं बघत राहिले. तिनं शिंगराला माझ्या आणि स्वतःच्या मधून पलीकडं ढकललं होतं आणि आडवी उभी राहिली होती.

काही आठवड्यांनी निकाल आला. दोन्ही बाजूंसमोर उभं राहून सर म्हणाले, "शिंगरू घोडीचं आहे."

"तपासलं?" मी विचारलं.

"निकाल सांगितला," सर म्हणाले.

मी शब्द पाळला. चेहरा न पाडता रफिकभाईला मिठी मारली, त्याच्या घरी जेवलो, घरी आलो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." मला वाटलं, नुकसान झालं तरी भांडण मिटलं म्हणून म्हणत असेल.

पुढं पावसाळ्यात एक बाई सरांचं घर विचारत तबेल्यात आल्या. शिक्षकदिनाचा हार घेऊन आल्या होत्या. सरांच्या विद्यार्थिनी, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या. मी चहा दिला आणि सहज म्हणालो, "मॅडम, आमच्या शिंगराचे केस तुम्हीच तपासले ना?"

"कसले केस?"

"सरांनी पाठवलेले. खेचरीच्या शिंगराचे."

बाईंचे डोळे चमकले. "खेचरीचं शिंगरू? इथे? सरांनी मला असं काही पाठवलं असतं तर मी इथे धावत आले नसते का?"

मी चप्पलही न घालता सरांच्या घरी गेलो. ते स्वेटर दुमडत बसले होते. मुलगा त्यांना पुण्याला न्यायला येणार होता.

"सर, केस कुठं गेले?"

त्यांनी आव आणला नाही. "आहेत माझ्याकडे."

"तपासले नाय."

"नाही."

"मग कशाच्या जोरावर सांगितलं? पुरावा?" माझा आवाज कॉलनीभर गेला असेल. "टीव्हीतल्या खोट्या बाईला तुम्ही दोन महिने पुरावा मागितला, सर! नखाएवढं सोडायला माझ्याकडून घाम गाळून घेतलात! आणि माझ्या शिंगराला मात्र नुसतं तोंडानं उडवून दिलं?"

"तुमचा नियम तुम्ही नीट बघितलाय का?" सर म्हणाले. "शिंगरू तिचं नसेल, तर तिच्याजवळ राहणार. आणि खरोखर तिचं असेल, तर तिच्यापासून तोडणार. मी तपासलं असतं आणि तिचं निघालं असतं, तर मला खरं बोलावं लागलं असतं. म्हणून तपासलं नाही. असा नियम, व्यापारी, त्या मालिकेतल्या कुठल्याही ग्रहावर मी अजून पाहिला नाही."

"मग नियम चुकीचा म्हणून माझ्या तोंडावर सांगायचं! मला म्हणायचं, शिंगरू तुझं असलं तरी सोड. मी काय केलं असतं ते मी बघितलं असतं."

"सोडलं असतंत?"

"तो माझा प्रश्न हाय! तुम्ही मला विचारलंच नाय. माझ्या वाटचं तुम्हीच परस्पर देऊन टाकलं!"

सरांनी हातातला स्वेटर खाली ठेवला. मग म्हणाले, "हो. तेवढं मात्र मी केलं." आणि पुन्हा स्वेटर दुमडायला लागले.

घरी येऊन बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, "मला म्हाईत व्हतं. भट्टीवर त्यांचं तोंड बघूनच कळलं मला. तुमी कानं बघत व्हता शिंगराची, मी सरांचं तोंड बघत व्हते."

"म्हणजे तूसुद्धा?"

"तुमी सोडलं नसतं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. सोडलं असतं की नसतं हे आता कुणालाच कळणार नाही, मलासुद्धा नाही. ती संधीच सरांनी माझ्याकडून काढून घेतली. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती लहान नाही.

सर पुण्याला गेले त्याला आता वर्षं झाली. फोन करतात. बिजली कशी आहे विचारतात. वहिनींना सांगा, त्या मालिकेचा नवा भाग आलाय, कप्तानबाईंना मुलगी झाली, लेखकांचं डोकं फिरलंय, असं सांगून हसतात. शिंगराचा विषय काढला की म्हणतात, "चांगलं आहे ना? बस्स." बायकोशी मात्र अर्धा अर्धा तास बोलतात.

मी आजवर बोललो नाही. पंचाच्या शब्दावर पुन्हा बोलणं आमच्यात बसत नाही. पण आता बोलायची वेळ आली आहे. ते शिंगरू आता उमदी घोडी झालंय, बिजलीच्या शेजारी उभं राहिलं तर तिच्यापेक्षा हातभर उंच. गेल्या आठवड्यात रफिकभाई स्वतः तबेल्यात आला. म्हणाला, "शेठ, यंदा तिला घोडा दाखवायचा. तुमचा पांढरा दे दो. त्याच्यासारखा घोडा कुठंय?"

मी नाही म्हणालो. कारण सांगता येईना. ती मेलेल्या घोडीची असेल, तर माझा घोडा तिला चालेल, जन्मभराचं नातं होईल. आणि बिजलीची असेल, तर तो पांढरा तिचा बाप आहे. बापाला लेक दाखवायची? आणि बिजलीची असली तर तिला पोर होणार का, वाटे सारखे पडणार का, की अवघ्या जगात कुणी बघितलं नाही असं काहीतरी माझ्या डोळ्यासमोर, एका वीटभट्टीवर, मुकाट उभं आहे? हे सगळं मला विचारायचंय आणि विचारायला माणूस नाही. रफिकभाईला वाटलं, मी जुना राग काढतोय. चहा न पिता गेला. इतक्या वर्षांचा माझा गिऱ्हाईक, माझा दोस्त, माझ्या दारातून चहा न पिता गेला.

म्हणून मी हे लिहितोय, आणि हे सरांच्या मुलाकडं पाठवणार आहे, त्यानं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं. सर, शिंगरू मला नको. ते बिजलीपासून तोडावं असं मी कधी म्हणणार नाही. हे मी लिहून देतो, खाली अंगठा पाहिजे तर अंगठा देतो. नियम चुकीचा होता, हेही मान्य. पण तुम्ही खोटा निकाल देऊन निघून गेलात आणि त्याच्याबरोबर जगायला मला मागं ठेवलंत. गाडीत बसा आणि इकडं या. भट्टीवर माझ्यासमोर, रफिकभाईसमोर, माझ्या बायकोसमोर उभे राहा. बिजलीला विचारायचं तर तिला विचारा, प्रयोगशाळेत पाठवायचं तर माझ्या डोळ्यादेखत पाठवा. आणि मग सगळ्यांच्या देखत बोला: ती कुणाची लेक आहे, सर?